न टोचलेला माणूस

काविळीवर गावठी औषध देणारा कुणीतरी बहुतेक तालुक्यांत असतो. त्याच्याकडून बरे होऊन आलेले लोक शेकड्यांनी भेटतात आणि त्यांतला कुणी खोटं बोलत नसतो. औषध घेतलं, काही आठवड्यांत डोळ्यांतला पिवळेपणा गेला, गुण आला. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, हे मात्र त्या अनुभवात कुठेच दिसत नाही. दिसणार तरी कसं? औषध न घेता घरी पडून बरा झालेला माणूस आपली हकिगत सांगत फिरत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, की फांदी कावळ्यानेच मोडली असं वाटतं. खरं काय ते जाणून घ्यायचं, तर ज्या फांदीवर कावळा बसलाच नाही तीही पाहावी लागते.

अशी फांदी शोधण्याचं काम सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत झालं. विज्ञानाची रीत समजून घ्यायला मला त्याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. महिन्याभरात वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले. ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले हाफकिन तोवर भारतात पटकीची लस टोचत हिंडत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. तिथे मांसाच्या रश्शात ते प्लेगचे जंतू वाढवत. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्यांच्या आधाराने जंतूंचे झुबके खाली लोंबत वाढायचे. मग ते उष्णतेने मारायचे, की झाली लस.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, उतरलं. या धाडसाचं कौतुक आजही होतं आणि ते व्हायलाच हवं. पण त्यातून कळलं एवढंच, की ही लस घेऊन एक माणूस जिवंत राहिला. प्लेग टळतो का, या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हतं. हाफकिनना ते ठाऊक होतं, म्हणून ते भायखळ्याच्या तुरुंगात गेले.

जानेवारी संपता संपता त्या तुरुंगात प्लेग शिरला होता. साधारण दीडशे कैद्यांनी आपणहून टोचून घेतलं, पावणेदोनशे जण तसेच राहिले. सगळ्यांचं अन्न, कपडे, काम, कोंडवाडा सारखाच. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला, सहा मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेला कुणी नाही.

पुष्कळांना इथे थांबावंसं वाटेल. पण एक फट राहिली होती. टोचून घ्यायला पुढे येणारा आणि मागे राहणारा, हे दोघे मुळात सारखे असतात का? पुढे येणारे कदाचित अधिक धडधाकट असतील, जिवाला अधिक जपत असतील. मग ते वाचले ते लशीमुळे की मुळातल्या तब्येतीमुळे? १८९८ च्या आरंभी उमरखाडीच्या तुरुंगात ही फट बुजवली गेली. कैद्यांना रांगेत बसवलं आणि एकाआड एकाला टोचलं. निवड ना कैद्याच्या हाती राहिली, ना डॉक्टरच्या. न टोचलेल्यांत दहा जणांना प्लेग झाला, सहा मेले. टोचलेल्यांत तिघांना झाला आणि तिघेही वाचले.

तरी तुरुंग म्हणजे गाव नव्हे, आणि आकडेही लहान. म्हणून त्याच वर्षी बडोद्याजवळचं उंडेरा हे गाव निवडलं. इथली रचना मला सगळ्यांत सुंदर वाटते. घराघरात जाऊन प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना टोचलं. पुरुष, बायका, मुलं, सगळ्यांची शक्य तितकी सारखी वाटणी केली. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे तेव्हा सिद्ध व्हायचं होतं. कुणी हवेला दोष देई, कुणी जमिनीला, कुणी घाणीला. पण टोचलेला आणि न टोचलेला एकाच छपराखाली झोपत असतील, तर हवा तीच, जमीन तीच, उंदीर तेच, आणि ज्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं त्या पिसवाही त्याच. खरं कारण माहीत नसतानाही ते दोन्ही पारड्यांत सारखं पडलं. अज्ञानाला असं बांधून ठेवण्याची युक्ती माणसाला सापडली, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

उंडेऱ्यातल्या अठ्ठावीस घरांत प्लेग शिरला. त्या घरांतल्या ७१ टोचलेल्यांपैकी आठ जणांना तो झाला, तिघे मेले. ६४ न टोचलेल्यांपैकी सत्तावीस जणांना झाला आणि सव्वीस मेले.

हा शेवटचा आकडा मी भरभर वाचू शकत नाही. ते सव्वीस जण कुणाचे तरी आईबाप, मुलंबाळं होते. आज अशा चाचणीआधी प्रत्येकाची समजून-उमजून दिलेली संमती लागते, नैतिक समितीची परवानगी लागते, आणि फरक ठळक दिसू लागला तर चाचणी मध्येच थांबवता येते. तुरुंगातल्या कैद्याच्या 'हो'ला किती किंमत द्यायची, हा प्रश्न तर तेव्हा कुणी नीट विचारलाही नाही. पण लस गुणकारी आहे हे आपल्याला कळलं ते त्या न टोचलेल्यांमुळेच, हेही तितकंच खरं.

पुढे हीच रीत खुद्द हाफकिनच्या कामी आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना टोचलं गेलं आणि त्यांतले एकोणीस जण धनुर्वाताने मेले. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिनना कामावरून दूर केलं गेलं. पण लस पाच बाटल्यांतून दिली होती. मेलेले एकोणीसच्या एकोणीस एकाच बाटलीतले होते आणि उरलेल्या चार बाटल्यांतले ८८ जण सुखरूप होते. मग बाटलीबाटलीत फरक काय, असा प्रश्न आला. ती बाटली उघडण्याआधी मदतनिसाच्या हातून बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हे जाहीरपणे मांडलं आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. त्यांच्या बाजूची सगळ्यांत भक्कम साक्ष दिली होती ती ज्यांना काहीच झालं नाही, अशा अठ्ठ्याऐंशी माणसांनी.