साखर ‘रक्तातच’ असते का?

मधुमेहाचे निदान झाले की दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘आमच्या घराण्यातच आहे’, किंवा ‘आमच्यात कुणालाच नव्हती, मग मला कशी?’ जालना असो की भोकरदन, दोन्ही वाक्यांमागे समज एकच: जनुके म्हणजे कपाळावरची रेषा.

आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण जनुके एक-दोन पिढ्यांत फारशी बदलत नाहीत. मधुमेह मात्र तेवढ्याच काळात शहरातून खेड्यात पोहोचला. मग बदलते काय? जनुकांचे काम.

शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. तरी इन्सुलिनचे जनुक स्वादुपिंडातील ठरावीक पेशींतच काम करते, त्वचेत ते बंद असते. कोणते जनुक किती चालावे, हे ठरवणाऱ्या यंत्रणांपैकी एक म्हणजे ‘मिथाइल’ नावाच्या रासायनिक खुणा. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर त्या दाट बसल्या की ते सहसा मंदावते. यातील बऱ्याच खुणा आईच्या पोटातच बसतात.

नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. तेव्हा नुकतीच गर्भात आलेली मुले साठीला पोहोचली, तेव्हा त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावर भावंडांपेक्षा कमी मिथाइल खुणा आढळल्या. त्या काळात पोटात असलेल्यांमध्ये साखर पचवण्याची क्षमताही कमी दिसली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात गर्भात असलेल्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. त्यांनी साखर तपासून घेण्यात शहाणपण आहे.

आपल्या मातीतला पुरावा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा जवळपास ८०० ग्रॅम कमी भरले. स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार!

यातील बहुतांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. मिथाइल खुणा बसण्यासाठी फोलेट आणि ब-१२ दोन्ही लागतात. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांचे शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. मात्र म्हणून फॉलिक अॅसिडची गोळी बंद करू नये. बाळाच्या मेंदू व मणक्यासाठी ती आवश्यकच आहे. ब-१२ ची कमतरता भरून काढणे, हा त्यावरचा उपाय.

ब-१२ दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतून मिळते; भाकरी आणि भाजीतून नाही. घरचे दूध डेअरीला जाते, उरलेले चहाला, आणि मुलीच्या ताटात ठेचा-भाकरी. ही सवय बदलायला हवी, तीही लग्नाआधीच.

मोठ्यांसाठीही दार बंद झालेले नाही. व्यायामाने स्नायूंतील जनुकांचे काम बदलते. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा आईवडिलांना मधुमेह असेल, तर उपाशीपोटी साखर तपासावी. ती १०० ते १२५ मध्ये आली तर घाबरू नये, पण हातावर हात ठेवून बसूही नये. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि वजन आटोक्यात ठेवणे, यांनी मधुमेह टळू शकतो किंवा लांबतो. घराण्यात असो वा नसो.