संगणक घरघरतो, तो आजारी नाही, झडती घेतो आहे!

घरात जुना का होईना, एक संगणक असावा, मुलामुलींनी त्यावर शिकावे, म्हणून आपली माणसे पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवतात. एखाद्या कचेरीतून मोडीत निघालेला संगणक घरी येतो आणि सगळ्या घराचा होतो. मुलांचा अभ्यास त्यावर, नोकरीचे अर्ज त्यावर, दाखले आणि गुणपत्रिका त्याच्याच पोटात.

मग एके संध्याकाळी मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसते. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. नेमका त्याच वेळी पंखा घुमू लागतो, डबा तापतो, एक अक्षर उमटायला दहा सेकंद लागतात. शेजारचा जाणकार मुलगा येऊन सांगतो, "काकू, तो अँटिव्हायरस काढून टाका. तोच सगळं खातोय." काकू म्हणतात, काढ बाबा! हा लेख आम्ही त्या काकूंसाठी लिहीत आहोत.

त्या मुलाचे निदान बरोबर आहे, पण औषध घातक आहे.

अँटिव्हायरस झडती घेतो, म्हणजे काय करतो? आपण तांदूळ निवडतो ना, तसेच. ताटात मूठ मूठ घ्यायची आणि दाणान् दाणा बघायचा. संगणकात लाखो फाइली असतात. प्रत्येक उघडायची, तिची खूण काढायची आणि ती खूण माहीत असलेल्या चोरांच्या यादीशी ताडून पाहायची. झिप फाइल म्हणजे बांधलेले गाठोडे. ते सोडून आतली चीजवस्तू एकेक करून बघावी लागते. संशयित फाइल असेल तर ती एका बंदिस्त जागेत खोटी खोटी चालवून पाहतात. हे सगळे काम प्रोसेसर करतो, म्हणून त्याचा आकडा चढतो.

जुन्या यंत्राला हे जास्त जड जाते. प्रोसेसर दोनच गाभ्यांचा, रॅम बेताची, आणि हार्ड डिस्क मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणारी तबकडी. वाचणारी सुई एका फाइलवरून दुसऱ्या फाइलवर धावत असते आणि बाकी सगळे तिची वाट बघत बसतात. म्हणून कित्येकदा प्रोसेसर निम्माच गुंतलेला असतो, तरी यंत्र हलत नाही.

विंडोजसोबत येणाऱ्या डिफेंडरमध्ये ठरलेल्या वेळच्या झडतीसाठी प्रोसेसरची मर्यादा मुळातच 50 टक्के ठेवलेली असते. पण ती सरासरी आहे, कुलूप नव्हे. क्षणभर आकडा वर जातो. दुरुस्तीवाल्याला सांगून ती आणखी खाली आणता येते. मग झडतीला वेळ जास्त लागेल, एवढेच.

खरी गोम वेगळीच आहे. यंत्र मोकळे असताना, शक्यतो रात्री, झडती घ्यावी अशी ही व्यवस्था बनवली आहे. आपल्या घरात मात्र वीजबिलाच्या धाकाने रात्री भिंतीवरचे बटण बंद होते. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण राहिलेले काम मग दिवसा, आपण कामाला बसलो की मान वर काढते. आठवड्यातून एक दिवस, रविवारी जेवणाच्या वेळी म्हणा, संगणक चालू ठेवा आणि झडती स्वतःहून सुरू करा.

पहारेकरी स्वतःच बिघडला, असेही घडले आहे. 23 एप्रिल 2005 रोजी जपानमध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीने चोरांची नवी यादी पाठवली. एका विशिष्ट प्रकारे बांधलेले गाठोडे सोडवण्याच्या नव्या भागात चूक राहिली होती. विंडोज एक्सपीच्या नव्या आवृत्तीवर त्याची नीट चाचणी झाली नव्हती. प्रोसेसर 100 टक्क्यांवर जाऊन अडकले. रेल्वे कंपनीचे आणि वृत्तपत्रांचे संगणक ठप्प झाले. ती यादी सुमारे दीड तासातच मागे घेतली गेली, पण तेवढ्यात व्हायचे ते झाले होते. तेव्हा नव्या यादीनंतर लगेच यंत्र अडले आणि तासन् तास सुटेना, तर दुरुस्ती आलेली असते. अद्ययावत करून पुन्हा सुरू करावे.

दोन अँटिव्हायरस ठेवणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत. एकाने उघडलेली फाइल दुसरा तपासतो आणि दोघांच्या भांडणात यंत्र मरते. एकच ठेवा. दुसरा नीट बसवला की डिफेंडर बहुधा आपणहून बाजूला होतो. काही जण वेग वाढावा म्हणून अख्खी डी ड्राइव्ह झडतीतून वगळतात. चोराला तीच खोली सापडते! पैसे घालायचेच असतील, तर आमच्या मते महागडा अँटिव्हायरस घेण्यापेक्षा तबकडीच्या जागी एसएसडी बसवून घ्यावी.

आता उलट बाजू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. वर 'अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हे नाव दिसले, तर तो डिफेंडर आहे, त्याला काम करू द्या. पण झडती चालू नसताना, रोजच, भलत्याच नावाचा कार्यक्रम प्रोसेसर खात असेल तर सावध व्हा. दुसऱ्याच्या यंत्रावर गुपचूप आभासी चलन खणणारे चोर असतात, विजेचे बिल मात्र आपल्याला येते. 2017 मध्ये निघालेली कॉइनहाइव्ह ही सेवा वेबपानांतून असेच खणायला वापरली गेली. ती मार्च 2019 मध्ये बंद पडली, चोर बंद पडले नाहीत. ज्या काकूंनी अँटिव्हायरस काढला, त्यांच्याकडे हे पाहुणे बिनदिक्कत उतरतात.

आणि हो, पंख्यातली धूळ! वायर काढून, मऊ ब्रशने, वर्षातून दोनदा साफ करा. चाळीतल्या धुळीने तापलेले यंत्र स्वतःच वेग कमी करते आणि झडती लांबते.