तुरीच्या मुळांजवळची किल्ली

तुरीचा बेवड चांगला, हे कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. याचे श्रेय आपण मुळांवरच्या गाठींना आणि त्यांतल्या जिवाणूंनी हवेतून धरलेल्या नत्राला देतो. ते रास्त आहे, पण अपुरे आहे. या बेवडात स्फुरदाचाही वाटा आहे. तो नीट पाहिला, तर माती परीक्षणाच्या कागदावरचा 'उपलब्ध स्फुरद' हा आकडा वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. प्रयोगशाळेतल्या द्रावणात जो उतरतो, त्याला आपण उपलब्ध म्हणतो. शेतात मात्र तो उपलब्ध आहे की नाही, हे पिकाचे मूळही ठरवते.

नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत पोहोचते, स्फुरद जागचा फारसा हलत नाही. तांबड्या आम्लधर्मी मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला जखडतात, चुनखडीयुक्त काळ्या मातीत कॅल्शियम. मुळालगतचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिता झाला, की पलीकडे साठा असूनही मूळ उपाशी राहते. कणगी भरलेली, पण खोलीला कुलूप. अशा वेळी अनेक पिके उपमुळे वाढवतात आणि मूलरोम लांबवतात. घेवड्याच्या काही वाणांची मुळे तर वरच्या थरातच पसरतात, कारण स्फुरद तिथे जास्त असतो. तूर याहून पुढे जाते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत नोरिहारू आए आणि सहकाऱ्यांनी केलेले संशोधन १९९० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल पाझरतात, ते लोहाला धरते आणि लोहाने अडवलेला स्फुरद सुटतो, असे त्यात दिसले. ज्वारी, मका यांसारख्या पिकांना जो स्फुरद जवळजवळ नसल्यातच जमा, तो तुरीला मिळत होता. माती एकच, पण प्रत्येक पिकापुरती उपलब्धता निराळी.

आपल्याकडच्या काळ्या रानात स्फुरद कॅल्शियमला बांधलेला असतो, मग तुरीच्या या आम्लाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. लोहाची किल्ली कॅल्शियमच्या कुलपाला तितकी चालत नाही. पण हरभऱ्याची मुळे सायट्रिक आम्ल सोडतात आणि ते कॅल्शियमचे बंध सैल करते. म्हणजे जमीन पाहून पीक आणि फेरपालट ठरवायला हवी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ही तर जमिनीची लूट झाली. मूळ स्फुरद निर्माण करत नाही, साठलेला फक्त सोडवते, आणि धान्याबरोबर तो शेताबाहेर जातो. म्हणून शेणखत, पालापाचोळा आणि गरजेपुरते खत यांतून तो परत करावाच लागेल. मुळे खताला पर्याय नाहीत, पण दिलेल्या खताचा जो मोठा भाग मातीत अडकून पडतो, तो वसूल करण्याचे काम तीच करू शकतात. खनिज स्फुरदासाठी मुख्यतः आयातीवर विसंबणाऱ्या देशाला ही वसुली सोडून देणे परवडणारे नाही.

तरीही वाण निवडताना आपण मुळांकडे क्वचितच पाहिले. भाताच्या 'कसालथ' या पारंपरिक वाणातले, कोवळ्या रोपाची मुळे वाढवून स्फुरद मिळवून देणारे जनुक २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये जाहीर झाले. अनेक आधुनिक वाणांत ते नाही. भरपूर खत घातलेल्या वाफ्यातच निवड होत राहिली, तर उपाशी मातीत तग धरणारे मूळ नजरेस येणार तरी कसे? वाणांची पारख कमी स्फुरदाच्या जमिनीतही व्हावी आणि खताच्या शिफारशीत पिकाच्या मुळांची कुवत धरली जावी. बेवड जपणाऱ्या शेतकऱ्याने हा हिशेब अनुभवाने केव्हाच मांडला आहे.