नखाचा कोपरा

पायाच्या अंगठ्याच्या नखाचा कोपरा मांसाच्या पुढे आलेला असतो, तोवर सगळं ठीक चालतं. पाऊल टेकलं की मांस दाबलं जातं आणि नख त्याच्या वरच राहतं. तो कोपरा गोल आणि खोल कापला की मोकळ्या जागेत मांस वर चढतं, आणि मागून वाढत येणारं नख सरळ त्यात घुसतं. नेलकटर तिथवर नीट पोचत नाही, म्हणून राहिलेला तुकडा बरेच जण बोटांनी ओढून तोडतात. अशा वेळी कडेला एक अणी उरते, बाभळीच्या काट्यासारखी टोकदार. पुढचं सगळं दुखणं त्या अणीचं असतं.

माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करत होता. १६०० मीटरची धाव, रोज पहाटेचा सराव, घट्ट बूट आणि घामाने ओले मोजे. उजवा अंगठा आधी हुळहुळला, मग लाल झाला, मग रात्री ठसठसायला लागला. घरी नखुरडं समजून हळदीचं पोटीस बांधलं गेलं. औषधाच्या दुकानातून गोळ्या आल्या. गोळ्या चालू असेपर्यंत ठणका दबायचा आणि संपल्या की परत यायचा. टोचणारं नख आतच असताना गोळ्या तरी किती पुऱ्या पडणार? पुढे नखाच्या कडेने लालभडक ओलं मांस वर आलं. अंगावरची चादर लागली तरी पोरगा कळवळायचा. तालुक्याच्या गावच्या सर्जनकडे त्याला नेलं, तेव्हा तो एकच म्हणत होता, "डॉक्टर, सगळं नख उपटून टाका."

डॉक्टरांनी अंगठा दोन्ही बाजूंनी निरखून पाहिला. "अरे, नख उपटलं तरी मूळ तिथेच राहतं. वर्षभराने तेवढंच रुंद नख परत येईल आणि परत रुतेल. आपण कडेची पट्टी काढू आणि तेवढंच मूळ जाळू."

मला मायनर ओटीत थांबू दिलं. बेटाडीनने पाऊल धुऊन झाल्यावर अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लिग्नोकेनची सुई दिली. या सगळ्यात खरं दुखतं ते एवढंच, आणि डॉक्टरांनी ते त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मग घाई न करता ते थांबले. थोड्या वेळाने सुईच्या टोकाने टोचून विचारलं, "काय कळतंय?" "दाबल्यासारखं वाटतंय, दुखत नाही." भूल चढल्याची हीच खूण. दाब कळत राहतो, वेदना जाते.

नंतर रबरी हातमोज्याचं बोट कापून, टोकाला भोक पाडून ते अंगठ्यावर चढवलं आणि गुंडाळत बुडाशी नेलं. रक्त मागे सरलं, अंगठा पांढुरका पडला. त्या रबराला सिस्टरांनी चिमटा लावून ठेवला, पट्टीखाली ते चुकून राहू नये म्हणून. ही दक्षता मला फार मोलाची वाटली, कारण राहिलेलं रबर अख्खा अंगठा घालवू शकतं.

नखाची कड खालच्या मांसापासून हलकेच सोडवली गेली. मग पुढून मागे, थेट कातडीखालच्या मुळापर्यंत एक सरळ काप. कडेची तीन-चार मिलिमीटरची पट्टी चिमट्यात धरून डॉक्टरांनी ती ओढली नाही, मधल्या बाजूकडे गुंडाळत आणली. ती अखंड बाहेर आली. बाहेरून दिसत होती त्यापेक्षा पुष्कळ लांब, मुळाकडे पांढरी आणि मऊ. पुढच्या टोकाला ती अणी होती. इतक्या लहानशा कुसळाने धावणारा पोरगा घरी बसवला होता.

आता मूळ जाळायचं. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलिन लावलं, जागा कोरडी केली. रक्त असलं की औषधाचा जोर कमी होतो. कापसाच्या काडीवर फिनॉल घेऊन ती मुळाच्या खाचेत फिरवत दाबून धरली, मग नवी काडी, असं घड्याळाकडे बघत काही मिनिटं. शेवटी स्पिरिटने धुतलं. हे फिनॉल म्हणजे जुनं कार्बोलिक ॲसिड. १८६५ साली ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर ते वापरलं आणि जखम चिघळली नाही. आज शस्त्रक्रियेत त्याची जागा दुसऱ्या औषधांनी घेतली आहे, पण नखाच्या मुळाशी ते अजून टिकून आहे. ते मुळाबरोबर बारीक नसाही बधिर करतं, त्यामुळे नंतरचं दुखणं कमी असतं. जखम मात्र काही आठवडे पाझरत राहते. पाझर म्हणजे पू असं समजून घाबरायचं कारण नाही. लाली पसरली, ठणका वाढला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जायचं.

सगळ्यांनाच इथवर यावं लागत नाही. सुरुवातीला नुसतीच लाली असेल तर दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवणं, कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवून ती रोज बदलणं आणि पुढून सैल चपला घालणं, एवढ्यावरही भागतं. मात्र धीर लागतो. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं.

बाहेर बाकावर एक वयस्क शेतकरी बसले होते. त्यांचाही अंगठाच, पण काळसर आणि सुजलेला. बरीच वर्षं साखर. "दुखत नव्हतं, म्हणून आलो नाही," म्हणाले. डॉक्टरांनी हातात कात्री घेतलीच नाही. आधी पावलावरची नाडी बोटांनी चाचपली. मग त्यांना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक तंतू तळव्यावर जागोजागी टेकवला. बऱ्याच ठिकाणी त्यांना काही कळलं नाही. रक्तपुरवठा तपासल्याशिवाय नखाला हात लावणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी जिल्ह्याच्या गावी पाठवलं.

घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज रात्री त्यांची पावलं उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. नखं सरळ कापा, कोपरे राहू द्या. आणि अंगठा लाल दिसला तर तो दुखतो का हे विचारत बसू नका. ब्लेडला हात लावू नका आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडे न्या.