उलट्या हिशेबाची पेन्सिल

निगेटिव्हवर जे काळं, ते कागदावर पांढरं. आमच्या तालुक्याच्या गावातले स्टुडिओवाले काका हा उलटा हिशेब बोटांनीच करतात. रिटचिंगच्या ऑर्डरी केव्हाच थांबल्या. तरी एक जुनी निगेटिव्ह काढून त्यांनी मला सगळं काम करून दाखवलं.

तिरकी काच, मागून उजेड, निगेटिव्हची इमल्शनची बाजू वर. तिच्यावर आधी औषध चोळायचं, नाहीतर गुळगुळीत जिलेटिनवर शिसं धरत नाही. पेन्सिल कडक, सँडपेपरवर घासून टोक सुईसारखं केलेलं. डोळ्याखालची सुरकुती इथे पारदर्शक रेघ म्हणून दिसते. काका त्या रेघेवर रेघ ओढत नाहीत. पेन्सिल जेमतेम टेकवत, स्वल्पविरामाएवढ्या वळशांनी ती भरत नेतात. हात जड पडला की प्रिंटवर पांढरा डाग उठतो. गडद करायचं असेल तर ब्लेडने इमल्शन खरवडायचं, आणि खरवडलेलं परत येत नाही.

१८३९ साली जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीत निगेटिव्ह नसे; चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर एकच चित्र उमटे. टॅल्बटने १८४१ साली कागदी निगेटिव्हचं पेटंट घेतलं. तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तोवर भिंतीवर तसबीर लागायची ती राजेरजवाड्यांची, सरदार-सावकारांची. कुळाच्या आजोबांचा चेहरा त्यांना पाहिलेल्या माणसांबरोबरच संपायचा.

सुरुवातीच्या प्लेटींना लाल रंग दिसत नसे, त्यामुळे सावळा माणूस होता त्याहून काळा उमटे. ती चूक पेन्सिलीने दुरुस्त केली, तर ते न्यायाचंच काम. पण स्थळाला पाठवायच्या फोटोत मुलगी गोरी करून द्या, असं आईबापच सांगत. काका तेही करत. मला ते ऐकवलं नाही. त्या मुलीला तो फोटो पाहून काय वाटलं असेल?

काकांचा जीव खरा 'कॉपी'त. बाई गेलेली, घरात तिचा एकटीचा फोटो नाही; मुलगा लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचा. काका त्यातला चेहरा कॅमेऱ्याने मोठा करून घेत, शेजारची माणसं निगेटिव्हवर रंग भरून झाकत. झाकलं तेवढं प्रिंटवर कोरं पांढरं येई. मग ब्रशने खांदा आणि पदर काढायचा. कान कुणाच्या फेट्याआड गेला असेल, तर तिच्या मुलीला बोलावून स्टुलावर बसवत आणि तिचा पाहून काढत.