व्यसनमुक्ती : ज्याची त्याची व्याख्या वेगळी

सोलापूर : भवानी पेठेसारख्या कामगारवस्तीत व्यसनमुक्तीचा अर्थ घराघरांत बदलतो. यंत्रमागावर राबणाऱ्याच्या दृष्टीने दारू सुटली की प्रश्न मिटला. विड्या वळून संसार ओढणाऱ्या त्याच्या पत्नीला मात्र पगार वाटेत न संपता घरी यायला हवा असतो. मुलांना तर बाप शुद्धीत जेवायला बसला, तरी पुरेसे वाटते.

वैद्यकशास्त्राची मोजपट्टी निराळी आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये ठरविलेल्या निकषांनुसार व्यसनाची लक्षणे किमान तीन महिने दिसली नाहीत, तर ती सुरुवातीची सुधारणा; वर्ष उलटले की टिकाऊ सुधारणा. विशेष म्हणजे, या काळात पिण्याची ओढ शिल्लक असली तरी ती गृहीत धरलेली आहे. घरचे लोक नेमके हेच विसरतात आणि 'अजून मनातून गेली नाही' म्हणून त्याला टोचत राहतात.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप सुटतो, झोप उडते. काहींना भास होतात, झटके येतात. ते जिवावर बेतू शकते. म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा. शरीरातून दारू उतरायला काही दिवस पुरतात. सवयी, संगत आणि घरातला गमावलेला विश्वास यांना फार वेळ लागतो.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये रुग्णाला म्हणूनच पाच आठवडे ठेवून घेतात आणि कुटुंबीयांशीही बोलतात. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेली 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ तर 'बरा झालो' हा शब्दच टाळते. वीस वर्षे थेंबही न घेतलेला सदस्य स्वतःची ओळख मद्यपी अशीच करून देतो आणि फक्त आजच्या दिवसाचा निर्धार करतो.

मध्येच एखादा घसरला, की 'सगळे पाण्यात गेले' असा निकाल घरचे देऊन टाकतात. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण औषधोपचार सोडत नाही. इथे मात्र सोडतो. मुळात उपचारांपर्यंत पोहोचतात तेच थोडे. केंद्र सरकारच्या २०१९ मधील पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठले तरी उपचार मिळाले होते. मदतीसाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. त्यावर कुटुंबीयही सल्ला घेऊ शकतात.