चेतकचा निळा धूर

१९७२ साली आकुर्डीच्या बजाज ऑटोने चेतक बाजारात आणली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, घडण इटलीच्या व्हेस्पावर बेतलेली आणि इंजिन १४५ सीसीचं टू-स्ट्रोक. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबले. मग पुढे उभं पोरगं, मागे आडवी बसलेली आई आणि डिकीत भाजी, असा कित्येकांचा संसार तिच्यावर फिरला. चालू व्हायला कुरकुरली, की तिला एका अंगाला कलती करून पुन्हा किक. तरीही नाहीच ऐकलं, तर प्लग काढायचा. त्याच्या टोकावर काजळीचा तेलकट थर बसलेला असायचा. तो पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, की स्वारी निघाली.

त्या काळ्या थरात या इंजिनाची सगळी कुंडली होती.

टू-स्ट्रोकला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट म्हणजे खिडक्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्याच उघडतो, मिटतो. दर फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांना एक. त्यामुळे एवढ्याशा इंजिनात दम भरपूर, भाग कमी आणि दुरुस्ती गल्लीतल्या मिस्त्रीच्या आवाक्यातली.

खोटही तिथेच. जळालेला वायू बाहेर काढायला या इंजिनात वेगळा स्ट्रोकच नाही. आत येणारं पेट्रोल आणि हवेचं ताजं मिश्रणच त्याला ढकलतं आणि त्या घटकेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन्ही खिडक्या उघड्या असतात. साहजिकच ताज्या मिश्रणातला पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, ठिणगी पडण्याआधीच सायलेन्सरमधून निसटतो. पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बन, आणि पंपावर पैसे मोजून घेतलेलं ते हायड्रोकार्बन न जळताच मागच्या माणसाच्या नाकात जायचं.

निळा धूर मात्र पेट्रोलचा नव्हे, ऑइलचा. मिश्रण पिस्टनखालच्या क्रँककेसमधून जात असल्याने तिथे वेगळं तेल साठवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला साधारण २० मिली. 'गाडी जाम होईल' या धास्तीने पुष्कळ जण हात सैल सोडत आणि चौकात धुराचा पडदा उभा राहत असे.

दिसणाऱ्या धुरापेक्षा घातक होता तो न दिसणारा वायू. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. हवा कमी पडली, की कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो.

एका बाबतीत मात्र चेतकला दाद द्यायला हवी. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो निरुपद्रवी. पण ज्वाळा फारच तापली, की तोही ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात. टू-स्ट्रोकमध्ये जुना वायू थोडा मागे राहतो आणि पेट्रोलही जास्त असतं, त्यामुळे ज्वाळा तितकी तापत नाही. इंधन चांगलं जाळणाऱ्या इंजिनालाच हा रोग अधिक. म्हणून तर गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा कन्व्हर्टर बसवावा लागला.

पीयूसीच्या नियमांनीही टू-स्ट्रोकची खोड मान्यच केली होती. ३१ मार्च २००० नंतरच्या दुचाकींसाठी हायड्रोकार्बनची मर्यादा फोर-स्ट्रोकला ४५०० पीपीएम, तर टू-स्ट्रोकला ६०००. पुढे नवीन गाड्यांचे निकष कडक होत गेले आणि टू-स्ट्रोकचा टिकाव लागेना. २०२० मध्ये चेतक हे नाव परत आलं, ते विजेवर.

ट्यूनिंग करा, प्लग बदला, ऑइल मोजून टाका. धूर कमी होईल, निसटणारं पेट्रोल थांबणार नाही. दोष मालकाचा नव्हता, घडणीचा होता. जुनी चेतक कुणी हौसेने जपली असेल, तर जरूर जपावी. फक्त ती बंद पार्किंगमध्ये चालू ठेवून गप्पा मारत उभं राहू नये.